भुकेला बांध

शेवरे गावाच्या बांधाला खायला घालायचं बंद होऊन वर्ष उलटलं होतं. तांबी नदीकाठचा हा बांध जिवंत होता. त्याच्या मातीत शास्त्रज्ञांनी चुनजीवी पेरले होते. चुना शोषून त्याचा दगड घडवणारे हे सूक्ष्म जीव; बांधाला तडा गेला की पाहता पाहता भरून काढत. मात्र त्यांना दर उन्हाळ्यात चुन्याची भुकटी चारावी लागे. सरकारने बांध उभारायला निधी दिला, पण दुरुस्तीचा, म्हणजे या चाऱ्याचा, निधी अडकला तो अडकलाच. नदीपलीकडच्या कासेवाडीला तर बांधच मंजूर झाला नाही. शेवऱ्याने अडवलेलं पाणी तिथल्या घरांत शिरायचं.

त्या दुपारी तांबीला पूर चढला आणि कासेवाडीचे गडी पहारी-कुदळी घेऊन नावांतून बांधावर उतरले.

शेवऱ्याची सरपंच मंदाकिनी चौगुले धावत पोचली तेव्हा डोकी फुटत होती. शेवऱ्याच्या एका गड्याचा पंजा कोयत्याच्या घावाने मनगटाला लोंबत होता. कासेवाडीचा एकजण काठीच्या तडाख्यासरशी पुरात गेला तो पुन्हा दिसला नाही. आणि खणलेल्या भगदाडात उभा राहून पहार घालत होता तिचा सख्खा भाऊ, दाजिबा. कासेवाडी तिचं माहेर.

"दाजी, खाली माझी लेकरं हायेत रं!"

"आणि माझी कुठं हायेत, आक्का? छपरावर!" पहार पुन्हा खाली आली.

भगदाडातून पाण्याची चिळकांडी उडाली. पाठोपाठ पांढरा फेस उसळला, दाजिबाच्या पोटऱ्यांपर्यंत चढला आणि थिजला. पाय निघेना. मग तो किंचाळला. ते ऐकून मारणारे हात थांबले. कासेवाडीचे गडी नावांकडे पळाले.

बांध घडवणारे डॉ. फिरोज मुजावर आम्लाचा कॅन घेऊन आले. "चुनजीवी जखम भरताहेत. हे ओतलं तर इथले सगळे चुनजीवी मरतील, तो सुटेल. पण भगदाड उघडं पडेल आणि गाव बुडेल."

"आणि नाही ओतलं तर?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "ते उपाशी आहेत, सरपंच. पाण्यात चुना थोडा असतो. हाडांत भरपूर."

मंदाकिनीने कॅन हिसकावला, झाकण काढलं. बांधाच्या आत, नदीच्या पातळीखाली, शेवऱ्याची घरं दिसत होती. गच्च्यांवर माणसं उभी होती.

"आक्का, ओत की गं!" दाजिबाने तिचा पदर धरला.

तिने झाकण परत लावलं. मग पदरावरचं त्याचं एकेक बोट सोडवलं. फेस छातीपर्यंत चढेतो तो तिला हाका मारत होता.

पूर ओसरल्यावर सरकारी पथक आलं. दाजिबा थिजला तो टप्पा सगळ्या बांधात सर्वांत टणक निघाला. 'दुरुस्तीची गरज नाही,' असा शेरा मारून पथकाने निधीची मागणी निकालात काढली.

पुढच्या पावसाळ्याआधी ग्रामसभेत मंदाकिनी उठली. "यंदा आपण सगळे मिळून कासेवाडीला बांध मागू. म्हणजे त्यांना इकडं यायची पाळीच येणार नाही."

 मग मागून एकजण म्हणाला, "कशाला, सरपंच? येऊ द्या की त्यांना. वरच्या अंगाचा टप्पा भुसभुशीत झालाय."

कुणीच हसलं नाही. दोघा-तिघांनी मान डोलावली.