मोठ्या अक्षरांत रातकिडे

घटक

तिनं दार उघडलं तेव्हा तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभा होता. तिच्या हातात काकडीच्या चकत्या.

"खालच्या मजल्यावरून तक्रार आहे. रातकिडे झालेत म्हणे तुमच्याकडे. काळजी करू नका, एकही ठेवत नाही."

"एक जरी मेला ना," ती दारात आडवी झाली, "तर तुम्हालाही ठेवायची नाही."

तिच्या मागून खोलीभर किर्र... किर्र...

"हे... पाळलेत?"

"खायला."

"कोणाला?"

"माणसांना."

पंपाची नळी त्याच्या हातातून गळून पडली. तिनं ती दोन बोटांनी, साप उचलावा तशी उचलून त्याला दिली. बोटाला बोट लागलं.

"हात धुवा," तो म्हणाला. "नळीला औषध असतं. तुमच्या... लेकरांना बाधेल."

तिथंच ती अर्धी विरघळली. उरलेली अर्धी हट्टी होती, तिला वेळ लागला.

धंदा दोघी बहिणींचा. ती रातकिडे वाढवायची, भाजायची, दळायची, त्या पिठाची बिस्किटं करायची. ताई पाकिटं भरायची, दुकानं गाठायची आणि स्वतः एक तुकडाही तोंडात घालायची नाही. मोठ्या दुकानात माल लागला खरा, पण लोक पाकीट उचलायचे, वाचायचे आणि चटका बसल्यासारखं परत ठेवायचे.

"नाव मागच्या बाजूला घे," ताई म्हणाली. "बारीक अक्षरांत. आधी जिभेला पटू दे, डोक्याला मग सांगू."

दुकानाच्या व्यवस्थापकानं शेवटचं सांगितलं होतं : रविवारी टेबल लावा, लोकांना चव द्या. खपलं तर ठेवतो, नाही तर माल उचला.

चव

तो पुन्हा आला. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोकून गेला, म्हणजे किर्रकिर्र खाली जायला नको. मग पट्टी नीट बसली का बघायला आला. मग नीट बसलेली पट्टी बघायला.

"पट्टीवर फार जीव तुमचा," ती म्हणाली.

"दार चांगलं आहे. उघडणारी जरा तिखट आहे."

तिनं चहा ठेवला, बशीत बिस्किटं ठेवली. आणि ताईचा सल्ला त्याच्यावर वापरून पाहिला. कशाची ते सांगितलं नाही.

त्यानं एक खाल्लं. आणखी एक. "मस्त! काय घातलंय? बदाम?"

"नाही."

"मग प्रेम?"

"ते महाग पडतं."

तो हसला... आणि हसू मध्येच अडकलं. ओठ सुजायला लागला होता.

"यात कोळंबी आहे का? मला... कोळंबी चालत नाही."

ज्याला कोळंबी सोसत नाही त्याला रातकिडाही सोसत नाही. हा या धंद्यातला पहिला धडा. तिला तो पाठ होता. तिनं फक्त विचारलं नव्हतं.

दवाखान्याच्या बाकावर, इंजेक्शननंतर, तो सुजल्या ओठांनी बोलला. "मी लोकांच्या घरात विष घेऊन शिरतो. पण आधी सांगतो, काय आहे ते. दार किती वेळ बंद ठेवायचं ते. तू मला बिस्किट दिलंस, आणि सांगितलं नाहीस."

'तू' म्हणाला. पहिल्यांदाच... आणि असा.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तो एकटाच उठून गेला.

इशारा

तिनं सगळी पाकिटं परत काढली. प्रत्येकावर, पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत नवी चिठ्ठी : रातकिडे.

"धंदा बुडवायला निघालीस!" ताई कडाडली.

"बुडू दे. सांगून बुडू दे."

"तो रुसला म्हणून?"

"तो नसता तर दुसरं कुणी सुजलं असतं, ताई. तेव्हा काय केलं असतं आपण?"

ताईनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढून घेतला आणि ती चिकटवू लागली.

रविवारी टेबलावर फलक : 'रातकिड्यांच्या पिठाची बिस्किटं. कोळंबी चालत नसेल तर खाऊ नका.' ओल्या फरशीला वळसा घालावा तसे लोक टेबलाला वळसा घालत होते. एक आजोबा मात्र थबकले. "पाय काढलेत का?"

"सगळं दळलंय, आजोबा."

"मग द्या... नको, राहू दे."

आणि तो आला. कामाच्या गणवेशात, फलकाशेजारी उभा. त्यानं फलक मोठ्यानं वाचला, मग लोकांकडे वळला.

"मला खाता येत नाही, चालत नाही. पण यांची खोली मी पाहिलीय. तुमच्या स्वयंपाकघरांपेक्षा स्वच्छ. तुमची स्वयंपाकघरंही मी पाहिलीत, बोलायला लावू नका!"

हशा पिकला. माणसं थांबली. एक बाई पुढे झाली. "आधी तुम्ही खाऊन दाखवा."

दर वेळी पहिलं बिस्किट तीच खायची. तिचा हात बशीकडे गेला... आणि मागे आला.

"आज मी नाही खाणार."

"बघा! स्वतः खात नाही, आणि आपल्याला—" गर्दीतून आवाज आला.

पिशव्या उचलल्या जाऊ लागल्या. ताईनं तिच्याकडे पाहिलं, असं, की दूध नासावं. मग डोळे मिटले, नाक धरलं आणि एक अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

कुर्रम.

ताईचा एक डोळा उघडला. मग दुसरा. "अगं... बरं लागतंय की!"

इतकं खरं आश्चर्य कुठल्या जाहिरातीत असतं? बाई हसली, तिनं एक घेतलं. आजोबांनी दोन घेतली, एक बायकोला न सांगता द्यायला... "सांगूनच द्या हं," टेबलामागून ती ओरडली.

सगळी पाकिटं संपली नाहीत. पण व्यवस्थापक म्हणाला, "एक फळी ठेवतो. सगळ्यात खालची."

तक्रार असल्यास

"खालची फळी," तो टेबलाची एक बाजू धरत म्हणाला. "वाकावं लागेल लोकांना."

"वाकतील."

"मघाशी खाल्लं का नाहीस? सगळं हातचं गेलं असतं."

ती टेबलावरचा चिकटपणा नखानं खरवडत राहिली. कान लाल.

"डॉक्टर म्हणाले होते... खाल्लेल्या माणसाच्या ओठांना कणभर जरी राहिलं... आणि ते तुला... म्हणजे, लागलं तर..."

त्यानं टेबल खाली ठेवलं.

"म्हणजे तू सकाळपासून—"

"कालपासून."

"मी येणार, याची एवढी खात्री होती?"

"मुळीच नव्हती." तिनं मान वर केली, थेट त्याच्याकडे पाहिलं. "पण आलास तर माझी तयारी नको?"

ताई कमरेवर खोकं घेऊन आली, दोघांकडे पाहिलं, थांबली.

"टेबल मी नेते," ती म्हणाली.

टेबल एकटीनं उचलण्यासारखं नव्हतं. तरी तिनं नेलं.