ज्याची पोथी त्याचा पाट

श्रीपतराव मास्तर गूळ आणायला गेले आणि गुळाबरोबर तीन इंग्रजी पुस्तकं घेऊन घरी आले. गोष्ट एवढ्यावरून सुरू झाली. जनवाड्यात गुरुशांतप्पांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला ते बिदरहून रद्दी आणत. त्या खेपेला सिकंदराबादच्या छावणीतल्या कुणा मेलेल्या साहेबाच्या कपाटातली पुस्तकं त्यांच्या वाट्याला आली होती. त्यातल्या एकाची थोडी पानं जिऱ्या-मोहरीच्या पुड्या होऊन गावभर गेलीही होती.

"मास्तर, हे फोटू बघा की," गुरुशांतप्पा म्हणाले. "नदी, होड्या, खजुराची झाडं. बसऱ्याचं दिसायलंय. राजूबाईचा राघोबा तिकडंच गेल्ता न्हवं?"

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. बसऱ्याचंच होतं. जर्मनच्या लढाईत इंग्रजांची एक फौज बसऱ्याहून नदीकाठानं बगदाद घ्यायला निघाली, वाटेत मार खाऊन परतली, कूत नावाच्या गावात कोंडली गेली, महिनोन् महिने उपाशी राहिली आणि शेवटी तुर्कांना शरण गेली. त्या फौजेत मराठा पलटणी होत्या. राघोबा निजामाची हद्द ओलांडून पुण्याला गेला आणि तिथं भरती झाला होता. बसऱ्याहून त्याचं एक पत्र आलं. नंतर सरकारचा कागद आला, त्यात लिहिलं होतं : बेपत्ता.

मास्तर शहाणे असते तर पुस्तकं तिथंच ठेवून आले असते. पण हैदराबादेत शिकलेला, आता पेन्शनीत निघालेला मास्तर. फुकटचं पुस्तक दिसलं की त्याचा हात आपसूक पुढं व्हायचा. आणि जनवाड्यात पोटातली गोष्ट पोटात राहत नाही. दुसऱ्या दिवशी राजूबाई दारात उभी.

काळीसावळी, उभट चेहऱ्याची बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा लढाईला गेल्यापासून ते तिनं एक दिवस कमी लावलं नव्हतं.

"मास्तर, दीर पुतळा जाळायचा म्हणायलेत," ती म्हणाली. "बारावं वरीस सरायलंय. माझ्या कमळीचं लगीन तोंडावर आलंय. मी मांडवात सवाष्ण म्हणून उभं ऱ्हायाचं का कोपऱ्यात बसायचं, त्ये एकदा ठरवा म्हणतेत."

बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि रीतसर अग्नी द्यायचा, हा जुना रिवाज. त्याशिवाय मेलेल्याला गती नाही. तिचा दीर, श्रीमंत नावाचा, वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त एकदाचं मिटवायचं होतं.

"मग अडलं कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"जिता असला तर?" राजूबाईचा आवाज खाली गेला. "जित्या माणसाला आग लावायची मास्तर? तुमच्या पुस्तकात बघून सांगा. त्यो हाय का न्हाई, एवढंच सांगा."

पुस्तकात असं कुणाचं नाव नसतं, हे मास्तरांना तोंडावर आलेलं सांगता आलं नाही. "वाचून बघू," ते म्हणाले.

रोज दुपारी जेवणं झाल्यावर तिच्या ओसरीत वाचायचं ठरलं. पहिल्या दिवशी मास्तर गेले तर ओसरी शेणानं सारवलेली, मधे चौरंग, चौरंगावर लाल कापड, उदबत्ती. आदल्या दिवशीच नेलेल्या साहेबाच्या पुस्तकांना राजूबाईनं हळदकुंकू वाहिलं होतं. आणि चौरंगासमोर एक रिकामा पाट, पाटावर सुपारी.

मास्तरांना हसू आलं. रामायण वाचताना मारुतीसाठी असा पाट मांडतात. जिथं रामकथा तिथं तो ऐकायला येऊन बसतो म्हणून. "राजूबाई, ही साहेबाची पोथी हाय. हिच्यात मारुती कुठला?"

"ज्याची पोथी त्याचा पाट," ती म्हणाली. "मारुती न्हाई तर ज्याची असंल त्यो येऊन बसंल."

अडाणी बाईची समजूत, म्हणून मास्तरांनी सोडून दिलं. इथंच चुकलं. पाट उचलून भिंतीला लावला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण मास्तरांनी पोथीसारखी मांडी घातली, पोथीसारखंच गणपतीला वंदन केलं आणि पहिलं पान उघडलं. ते इंग्रजी वाचत आणि लगोलग मराठीत सांगत.

राजूबाई ऐके आणि मधेच विचारी, "कामून?"

फौज पुढं गेली. कामून? वरच्यांनी हुकूम दिला. होड्या कमी, औषध कमी, हे ठाऊक असून हुकूम दिला? व्हय. कामून? मास्तर पान उलटत. पहिलं पुस्तक एका मोठ्या साहेबाचं होतं, तो सिमल्यात बसलेल्या सरकारला दोष देत होता. दुसरं डॉक्टरचं, त्याच्या मते सेनापती चुकला. तिसरं वर्तमानपत्रवाल्याचं, त्यानं सगळं नदीवर ढकललं. शिपायांबद्दल मात्र तिघांचं भांडण नव्हतं. अमुक इतके पडले, एवढंच तिघांनी लिहिलं होतं. अशा पुस्तकांतून लढाई समजते म्हणतात. समजत असेल, ज्यांचं त्यात काही गेलं नाही त्यांना.

तिसऱ्या दुपारी राजूबाई पाणी आणायला आत गेली. मास्तर आपल्याच नादात वाचत होते. मदतीला येणारी फौज चार कोसांवर येऊन थांबली, असं वाक्य त्यांनी वाचलं.

"कामून?"

आवाज समोरून आला. पुरुषाचा. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा.

मास्तरांनी मान वर केली. ओसरीत लख्ख ऊन होतं. अंगणात शेळी रवंथ करत होती. पाट रिकामा होता. पण पाटावर ओल दिसत होती, आणि ओलीखाली पिवळट, पिठासारखी मऊ माती. जनवाड्याची माती अशी नसते. सुपारी नव्हती.

राजूबाई तांब्या घेऊन आली, पाटापाशी थबकली. तिनं नाक वर केलं. "चिखलाचा वास यायलाय," ती पुटपुटली. "त्यो… आलाय न्हवं, मास्तर?"

मास्तरांना उठून जावं असं फार वाटलं, पण समोरून आवाज आला, "फुडं वाच…" आणि बसलेल्या जागेवरून त्यांचं अंग हलेना.

त्या दिवसापासून ते दोघांसाठी वाचू लागले. आवाज मास्तरांना ऐकू येई, वास राजूबाईला येई. उपासमारीचं प्रकरण आलं तेव्हा तिनं पदर नाकाला लावला. शिजत्या मांसाचा वास येतोय म्हणाली, बकऱ्याचा नव्हे, कसला तरी घाण. पुस्तकात लिहिलं होतं की दाणा संपल्यावर फौजेनं घोडी कापली, आणि देशी शिपायांतल्या पुष्कळांनी ते मांस तोंडाला लावलं नाही.

"त्यो मरंल, पर घोडं खानार न्हाई," राजूबाई म्हणाली. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

पाटावरून काही उत्तर आलं नाही.

एव्हाना तिची खात्री झाली होती. "जिता माणूस असा यील का, मास्तर? गेलाच त्यो. आता कसा गेला तेवढं वाचा. मंग दीर म्हणतेत तसं करू द्या." तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. मास्तरांना ते रडण्यापेक्षा जड गेलं.

पण पुस्तकं संपत आली होती. शेवटच्या दुपारी फौज शरण गेली. पुढं साहेबलोकांच्या कैदेची प्रकरणं होती : समुद्राकाठचे बंगले, पत्त्यांचे डाव, कॉफी चांगली मिळत नसल्याची तक्रार. शिपायांना रणरणत्या वाळवंटातून पायी हाकत नेलं. त्यांच्याविषयी एक ओळ होती. त्यांचं पुढं काय झालं हा या ग्रंथाचा विषय नाही, असं तिच्यात साहेबानं स्वच्छ लिहिलं होतं.

मास्तर थांबले. चौरंगावरची उदबत्ती विझली.

"फुडं…"

"संपलं," मास्तर हळूच म्हणाले.

"न्हाई संपलं… मी कुठंय?… फुडं वाच…"

पोथी अर्धी सोडायची नसते. समाप्ती झाल्याशिवाय ऐकणारा उठत नाही, हे मास्तरांनी लहानपणापासून ऐकलं होतं. आता ते समोर बसलेलं होतं. पाटाखालून पिवळं पाणी सरकत सरकत चौरंगाच्या पायाशी आलं. राजूबाई हात जोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. भीती वाटली म्हणा, कणव आली म्हणा. मास्तरांनी मागचं कोरं पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा पुस्तकात नसलेलं वाचलं.

"जनवाड्याचा राघोबा वाळवंटात तिसऱ्या मुक्कामाला थकला. एका विहिरीपाशी बसला. सोबत्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. त्यानं बायकोचं नाव घेतलं, लेकीचं घेतलं, आणि डोळे मिटले. सोबत्यांनी त्याच्यावर माती लोटली. इति समाप्त."

पाट करकरला. कुणी गुडघ्यावर हात टेकून उठावं तसा. अंगणातली शेळी दावं ताणून मागं सरली. मग ओसरी कोरडी झाली.

राजूबाईनं ओल्या पदरानं कुंकू पुसलं. दुसऱ्या दिवशी सांजेला मांजरा नदीकाठी श्रीमंतनं पळसाच्या पुतळ्याला अग्नी दिला. नारळ फुटल्याचा आवाज मास्तरांनी आपल्या ओसरीतून ऐकला. पुतळा फार वेळ जळला, पानांचा असून चरबी असल्यासारखा जळला, असं लोक म्हणाले. मास्तरांना त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दुपारी राजूबाई पुस्तकं परत द्यायला त्यांच्या घरी आली. कोऱ्या कपाळाची राजूबाई त्यांना क्षणभर ओळखूच आली नाही. ती उंबऱ्याशी टेकली, आणि लगेच म्हणाली, "मास्तर, तुमच्या ओसरीतबी त्योच चिखलाचा वास हाय."

मास्तरांना तोवर आवाज यायला लागले होते. एक नव्हे. ओसरीभर.

"माझंबी वाचा, मास्तर… बसप्पा, गाव मन्नाएखेळ्ळी…"

"माझं… विहीर नसली तरी चालंल… निसतं माती लोटली म्हणा…"

त्या मेलेल्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे, की जनवाड्यात एक माणूस मरण वाचून देतो. मास्तरांनी कोरं पान उघडलं. एकाला झाडाखाली मारलं, एकाला झोपेत, एकाला आईचं नाव घेत. एकेक जण उठून गेला. राजूबाईला आता भीती वाटत नव्हती. उलट प्रत्येक मरणाला ती हात जोडत होती, कारण मास्तर कुणाला तरी सोडवताहेत एवढं तिला समजलं होतं. कितीतरी वेळानं ओसरी मोकळी झाली. मास्तरांनी पुस्तक मिटायला घेतलं.

"मास्तर… माझं ऱ्हायलं…"

हा आवाज निराळा होता. कोरडा नव्हता. धापा टाकत होता.

"नाव?" मास्तरांनी विचारलं.

"राघोबा. जनवाडा."

"तुझं झालं की, बाबा…" मास्तर ओठातल्या ओठात बोलले. "पाटावर सात दिवस तूच… तू उठून गेलास…"

"मी कवा आलो? त्यो दुसरा कुणी असंल. मी तिकडंच, तुर्कांच्या मोसलात विटभट्टीवर व्हतो… घोडं खाल्लं व्हतं मास्तर, लई भूक लागली व्हती. कंच्या तोंडानं घरी यायचं? पर परवा मन घट केलं. बसऱ्याची वाट धरली… कालपतुर चांगला व्हतो." आवाज चिरकला. "काल सांजच्याला वाटंत चालताना अंग पेटलं. आपसूक. पायापास्नं. नदीत उडी घातली तरी इझंना… कामून, मास्तर? त्ये वाचा. कामून त्ये वाचा…"

मास्तरांच्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं.

"आता कोण आलंय?" राजूबाईनं विचारलं. "तुमी असे पांढरे कामून पडलाव?"

मास्तरांनी तिच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं. "लांबचा हाय कुणी," ते म्हणाले.

"बिचारा." ती उठली. "त्यालाबी चांगलं मरण वाचा, मास्तर. त्याचीबी कुणी वाट बघत असंल." आणि भिंतीला टेकलेला मास्तरांचा पाट तिनं त्याच्यासाठी पुढं ओढला.

तिनं हात चटकन मागं घेतला आणि उलटा करून पाहिला. चारही बोटांना फोड आले होते.