टपालानं आलेलं मलम

वडूजच्या पोस्टात वल्लरी खिडकीपाशी पोहोचली, तर पुढच्या माणसाच्या हातात अगदी तिच्याकडं होता तसाच निळा खोका!

“फोडलेलं पार्सल माघारी जात न्हाई, साहेब,” पोस्टमास्तर लालासाहेब त्याला सांगत होते. “आन् पैसे भरल्याबिगर फोडताबी येत न्हाई. लय जण फसल्यात. खोका, पावती टाकू नगा. साताऱ्याला औषध निरीक्षकाकडं तक्रार करा.”

तो वळला. बँकेतला नवा कारकून अवधूत, सांगलीचा. भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरी टोपी! त्याचं लक्ष तिच्या खोक्याकडं गेलं.

“माझं केसांचं होतं,” तो ओशाळून म्हणाला. “होते नव्हते तेही गेले. तुमचं...?”

“विचारू नका.” तिनं खोका पदराआड घेतला.

तिच्या कोपराजवळ पांढरा डाग होता. रविवारी पाहुणे बघायला येणार, म्हणून जाहिरात वाचून तिनं मलम मागवलं. डाग गेला नाहीच, उलट कातडी भाजून निघाली. डॉक्टरांनी मलम ताबडतोब बंद करायला लावलं. आई म्हणाली, “कुठं बोलू नकोस, स्थळ हातचं जाईल.” पण शेजारच्या तानुबाईनं पोरीसाठी तेच मलम मागवलंय हे कळलं, आणि वल्लरीला घास गोड लागेना.

दोघं एकाच एसटीनं साताऱ्याला गेले; रविवारी पाहुणे बघायला येणार, हे वाटेत तिच्या तोंडून निघून गेलं. कचेरीत बाकांवर ही गर्दी.

“जखम बघावी लागेल,” निरीक्षक म्हणाले.

वल्लरीचा हात लांब बाहीवरच थिजला. सगळे बघत होते... तेवढ्यात अवधूतनं टोपी काढली. कुणीतरी फिसकन हसलं. तो कान लाल करून तसाच उभा राहिला, तिच्याकडं बघत. तिनं बाही वर सारली. मग कुणी हसलं नाही.

परतीच्या एसटीत टोपी त्याच्या मांडीवर होती.

“टोपी घाला, ऊन लागेल,” ती म्हणाली.

“तुम्ही बाही खाली केली नाहीत — मग मी का घालू?”

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

“रविवारच्या पाहुण्यांना...” तो अडखळला, “एक निरोप द्याल?”

“कोणता?”

“येऊ नका म्हणावं. मुलगी बघून झालीय — आणि पसंत आहे.”

वल्लरीनं बाही वर सारलेला तोच हात हळूच त्याच्या टोपीवर ठेवला.