चौथं ताट

राजाभाऊ जेवत असताना कुणी आलं तर ते 'या जेवायला' म्हणत नाहीत. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्यांच्या बिल्डिंगची पोरं त्यावरून त्यांची टिंगल करतात. परवा गच्चीवर डबे उघडले होते, तेव्हा त्यांतल्या गौरीनं विचारलंच, "काका, एवढी कसली कंजुषी? नुसतं म्हणायला काय जातं?"

राजाभाऊंनी हात धुतला, गच्चीवरचा दिवा मालवायला लावला आणि यशोधनच्या मुलाची गोष्ट सांगितली. यशोधन म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा, राजाभाऊंच्याच ऑफिसातला. तेव्हा ऐकीव असं यात काही नाही.

तर यशोधनचा कैवल्य म्युनिकला शिकतो. दोन हजार चोवीस साल, चौदा डिसेंबर, शनिवार. तो, फुजैल आणि वल्लरी असे तिघं आल्प्स बघायला निघाले. सकाळी गोठलेलं तळं पाहिलं, दुपारी केबल कारनं वर गेले, शंभर सेल्फी काढले आणि त्या नादात शेवटची बस चुकवली. वाटसरूंसाठी उघडी ठेवतात तशी एक लाकडी झोपडी होती, तिच्यात शिरले. फुजैलनं चूल पेटवली. वल्लरीनं कैवल्यच्या सॅकमधून त्याच्या आईनं पाठवलेलं तांदूळ-तूप-मेतकूट शोधून काढलं. कैवल्यला बाहेरून बादलीभर बर्फ आणायला सांगितलं, वितळवून भात शिजवायला. पाच मिनिटांचं काम. गेला, घेऊन आला.

भात झाला. वर मेतकूट, तूप. पहिला घास तोंडात घातला आणि कैवल्यला कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा दिसला. असेल कुणी वाटसरू. मांडीवर वाडगा, हातात लाकडी चमचा, टोकाला चावून चावून भुसा झालेला. वाडग्यात थिजलेली पांढरी चरबी आणि तिच्यात केस. म्हातारा एकेक केस ओठांनी ओढून काढायचा, चोखायचा आणि परत वाडग्यात सोडायचा. शी. पण आईचं वळण आडवं आलं. समोर माणूस बसलेला असताना आपण मुकाट कसं खायचं? तोंडातून निघून गेलं, "या जेवायला."

आता, कुणी खरंच येऊन बसावं म्हणून आपण हे म्हणतो का? समोरच्यानं 'चालू द्या' म्हणायचं, विषय संपला. म्हाताऱ्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं वाडगा खाली ठेवला.

"कुणाशी बोलतोयस?" वल्लरीनं विचारलं.

बाक रिकामा होता. पण ओला होता.

त्या दिवसापासून कैवल्यच्या ताटातलं अन्न दुसऱ्या घासाला चावलेलं असायचं. भात लाळेनं बुळबुळीत, पोळीचा लगदा, आणि त्यातून जिभेवर येणारा लांब पांढरा केस. पोटात काही म्हणून टिकेना. सुट्टीला दोह्याला उतरला तेव्हा सहा किलोंनी उतरलेला होता. इथल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. असंच चाललं तर पोरगा हातचा जाईल, हे यशोधनला दिसत होतं. रात्री त्याला झोप लागेना.

शेवटी आसावरीनं, म्हणजे कैवल्यच्या आईनं, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकून म्हणाली, "बोलावलंस आणि वाढलं नाहीस. अर्धपोटी पाहुणा उठेल कसा? पोटभर जेवू घालू. जाईल."

तीस डिसेंबर. सोमवार, अमावस्या, रात्रीचे साडेआठ. टेबलावर चार ताटं मांडली. चौथ्यापुढं रिकामी खुर्ची. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या, श्रीखंड.

"बसा," आसावरी त्या खुर्चीला म्हणाली. "सावकाश होऊ द्या."

थोडा वेळ काहीच नाही. एसीची घरघर तेवढी.

मग... चप... चप...

भाताची मूद एका बाजूनं खचली. वरणावर लाळेची तार लोंबली. यशोधननं तोंडावर रुमाल दाबला. खवट चरबीचा वास सुटला, असा की श्वाससुद्धा उष्टा वाटावा.

"संकोच करू नका," आसावरी म्हणाली. आणि वाढत राहिली.

भात संपला. पोळ्या संपल्या. श्रीखंडाचं भांडं चाटलं गेलं... तळापर्यंत... कडेकडेनं...

चप...

चप...

मग ढेकर. ओला, लांबलचक.

खुर्ची मागं सरकली. फरशीवर ओली पावलं उमटली. एक. मग एक. दाराकडे.

आसावरीनं जाऊन दार उघडलं.

इकडे कैवल्यनं आपल्या ताटातला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. भात मोकळा होता, कोरडा होता. आईच्या हातची चव होती. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई," तो म्हणाला, "खलास. गेला तो."

आसावरी दारात उभी होती. हात कडीवर. तीस वर्षं पाहुणे पोचवण्यात गेलेली बाई. आपल्यात निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत. तिच्याही तोंडातून निघून गेलं...

"या हं पुन्हा."

जिन्यात पावलं थांबली...

...मग उतरत गेली.

एवढं सांगून राजाभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. कैवल्य बरा आहे म्हणाले. म्युनिकला परत गेला, वजनही भरलं. पण त्या घरी आपण चहासुद्धा घेत नाही.

"का?" गौरीनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आसावरीच्या चमच्यांच्या स्टँडमध्ये एक चमचा जास्तीचा होता. लाकडी. टोकाला चावलेला. पाहुण्याची राहिलेली वस्तू टाकायची कशी, म्हणून तिनं तो तसाच ठेवलाय. मी हात लावून पाहिलाय. एकदा नाही, चारदा. दर वेळी ओलाच असतो."