डाव्या खांद्यावर

कॉफीचा दुसरा पेला संपवून टिलमान ऊलिग मास्तर घरामागच्या गोठ्यात जायचे, गाईपुढे गवत टाकायचे, बुटांचा चिखल पायरीच्या लोखंडी पट्टीवर खरवडायचे आणि आठच्या आत कॉलेजात हजर व्हायचे. बारा वर्षांत यात फरक पडला नव्हता. इलिनॉयच्या त्या सपाट मुलखात, मक्याच्या शेतांमधोमध, लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या गावोगावच्या शाळांसाठी मास्तर घडवायला हे कॉलेज उभारलं होतं. प्राध्यापक सहा, पोरं शंभरावर. त्यातल्या प्रत्येक पोराला, सूर कळो न कळो, ऑर्गन वाजवता आलाच पाहिजे, कारण शाळेचा मास्तर तोच रविवारी चर्चमध्ये ऑर्गनवर बसणार. छापील पुस्तकं कुणाला परवडत नसत. ऊलिग मास्तरांच्या वहीवरून पोरं स्तोत्रांच्या चाली उतरवून घेत आणि तीच वही पुढं जन्मभर वापरत.

आणि ऊलिग मास्तरांना ऐकू येईनासं झालं होतं.

आधी व्हायोलिनची वरची तार गेली, मग गाईच्या गळ्यातली घंटा, मग दारातून हाक मारणारी बायको. वय सेहेचाळीस. हे दोघांनाच ठाऊक होतं: बायको दोरेटला, आणि गणित-भूगोल शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ब्रोकमानना. ब्रोकमान सभेत मुद्दाम समोरची खुर्ची धरायचे आणि काय चाललंय ते ओठ सावकाश हलवून कळवायचे.

"डायरेक्टर आज अर्धा तास बटाट्यांवर बोलले," बाहेर पडल्यावर ते सांगायचे. "तुझं नशीब थोर, ऊलिग. मला सगळं ऐकावं लागलं."

मास्तर हसायचे. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे त्यांना कधी सुचलं नाही. राहतं घर कॉलेजचं होतं. नोकरी गेली की घर जाणार होतं. आणि ऑर्गन सोडला तर मास्तरांना जगात दुसरं काही येत नव्हतं.

पहिल्यांदा ते घडलं नाताळाच्या आधीच्या एका बुधवारी, दुपारी. आल्विन टेगेलर हा शेतकऱ्याचा जाडजूड बोटांचा पोरगा वाद्यशाळेत ऑर्गन वाजवत होता. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे होते. एरवी ते पोरांच्या बोटांवर नजर ठेवून चूक पकडायचे. त्या दिवशी बर्फ पडू लागला म्हणून नजर खिडकीकडे गेली. तेवढ्यात डाव्या खांद्यावर कुणीतरी दोन बोटं टेकवली. टक, टक. चर्चमध्ये मागच्या बाकावरचा माणूस पुस्तक मागायला जसं हळूच खुणावतो, तसं.

मागे भिंत होती.

मास्तरांनी त्याचं वाजवणं थांबवलं. "कुठं चुकलास?" त्यांनी उगीचच विचारलं.

आल्विन कानापर्यंत लाल झाला. "पायानं दाबायची पट्टी चुकली, मास्तर. मला वाटलं, तुम्ही बाहेर बघताय."

त्या आठवड्यात तसं आणखी सात-आठदा झालं. बोटं नेमकी चुकीच्या सुरावर यायची. स्पर्श गारही नव्हता, ऊबदारही नव्हता. मास्तरांनी जागा बदलून पाहिली, खुर्चीवर बसून पाहिलं, एकदा तर ऑर्गनच्या मागच्या अरुंद फटीत उभं राहून पाहिलं. टक, टक. मास्तर भित्रे होते, पण या गोष्टीची भीती त्यांना वाटली नाही. उलट रात्रीच्या प्रार्थनेत ते एक वाक्य वाढवून म्हणू लागले: जो कुणी आहेस, तुझे आभार.

फक्त एकदा त्यांनी ब्रोकमानना विचारलं, "माझ्या आधीच्या लोएबर मास्तरांना पोरांच्या खांद्यावर बोटं टेकवायची सवय होती का हो?"

"लोएबर?" ब्रोकमान हसले. "पोरगं चुकलं की हाच रडायचा. कुणाला हात लावायची हिंमत नव्हती त्याच्यात. का रे?"

"काही नाही."

जानेवारीत ती बोटं वाद्यशाळेबाहेर आली. जेवणाच्या टेबलावर एका पोरानं बायबलचं वचन अडखळत म्हटलं, तेव्हा. भूगोलाच्या वर्गावरून जाताना, दारातून. मग घरी. दोरेट चुलीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "नाही रे, दमले कुठं," ती म्हणाली. टक, टक. मास्तरांनी तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि तिला बसवलं. तिला नवल वाटलं, बरंही वाटलं. त्याबद्दलही त्यांनी आभार मानले, पण त्या रात्री झोप उशिरा लागली.

मार्चमध्ये डायरेक्टर हार्मेनिंग वाद्यशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पत्र होतं.

"एका पास्टरांनी वर चर्चच्या मंडळाकडं लिहिलंय. पोरं सांगतात म्हणे, संगीताचे मास्तर बहिरे आहेत. गुरुवारी तपासनीस येताहेत. खरं निघालं तर या उन्हाळ्यानंतर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला स्वतःला कसलीच शंका नाही, ऊलिग."

टक, टक.

"आभारी आहे," मास्तर म्हणाले.

गुरुवारी अकराला सगळे प्रार्थनागृहात जमले. उंच खिडक्यांतून ऊन आत येऊन बाकांवर पडलं होतं. तपासनीस पास्टर वीटफेल्ट हडकुळे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांची खुर्ची ऑर्गनकडे पाठ करून ठेवायला सांगितली आणि स्वतः समोर बसले.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "चूक झाली की हात वर करा. एवढंच."

मास्तरांनी मांडीवर आपली वही उघडली. डायरेक्टर भिंतीजवळ उभे होते. ब्रोकमान खिशात हात घालून छताकडे बघत होते. आल्विन वाजवायला बसला.

ऐकू काहीच येत नव्हतं. बुटांच्या तळव्यांना मात्र फळ्यांची थरथर कळत होती, आणि तिच्यावरून ते वहीत बोट पुढं सरकवत होते. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. खांद्यावर काही नाही.

तिसरी ओळ. सहावा सूर.

टक, टक.

मास्तरांनी हात वर केला.

थरथर थांबली. वीटफेल्टनी भुवया उंचावल्या. मास्तर वळले, तेव्हा आल्विनचा चेहरा रडवेला झाला होता.

"मी वहीत आहे तसंच वाजवलं, मास्तर. देवाशप्पथ."

वीटफेल्ट उठले, आल्विनची वही घेऊन आले आणि मास्तरांच्या वहीशेजारी धरली. दोन्हीकडं खूणन् खूण सारखी होती.

डायरेक्टर जमिनीकडे बघू लागले.

मास्तर आपल्या पानाकडे बघत राहिले. बाहेरचे कान गेले होते, आतला शाबूत होता. त्यांनी ती ओळ मनातल्या मनात वाजवली. मग पुन्हा वाजवली.

एकत्र वाजणाऱ्या आवाजांपैकी मधल्या आवाजातला तो सूर अर्ध्या स्वरानं खाली होता. बारा वर्षांपूर्वी, इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, त्यांनी वही उतरवताना सूर चढवायची एक खूण गाळली होती. तेव्हा कान धड होते. पुढंही कितीतरी वर्षं धड होते. पण ही चूक त्यांना कधीच ऐकू आली नव्हती. पोरांनी वह्या उतरवल्या, आणि मिसूरीपासून डकोटापर्यंत गावोगावच्या चर्चमध्ये दर रविवारी ती वाजत होती.

"चूक त्याची नाही," मास्तर म्हणाले. "माझी आहे. वहीतच आहे."

वीटफेल्टनी पिशवीतून छापील पुस्तक काढलं, पान शोधलं, त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथंच होतं.

"हे माझ्याही कानांना कळलं नाही," ते शेवटी म्हणाले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "असे कान देव थोड्यांनाच देतो, ऊलिग."

टक, टक.

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आल्विन हसत होता, डायरेक्टर टाळ्या वाजवत होते, आणि ब्रोकमान तर रुमालानं नाक पुसत होते. मास्तरांनी तोंड मिटलं.

"आता बस पत्रं लिहीत," पायऱ्या उतरताना ब्रोकमान म्हणाले. "झाडून सगळ्या पोरांना. मास्तर चुकला म्हणून कळव. त्यांना जन्मात एवढा आनंद झाला नसेल."

"लिहीन," मास्तर म्हणाले, आणि त्यांना खरोखरच लिहावंसं वाटत होतं. घरी चालत जाताना त्यांनी एकेकाचे आभार मानले: ब्रोकमानचे, आल्विनचे, त्या सभ्य तपासनिसांचे. बर्फ वितळून वाटेवर पाणी चमकत होतं. घर जाणार नव्हतं.

दोरेटला दारातच कळलं. ती रडली, हसली, मग म्हणाली, "डायरेक्टरांकडं जेवायला बोलावतील बघ. कोट काढ, घासून ठेवते."

तिनं कोट खिडकीशी उजेडात धरला आणि उलटा केला.

"वरचं कापड नव्यासारखं आहे," ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली. "पण अस्तर बघ. इथं डाव्या खांद्यावर विरलंय."

मग तिनं सदरा काढायला लावला. सदऱ्याला त्याच जागी दोन भोकं होती, शेजारीशेजारी, बोटाच्या टोकाएवढी. आतल्या लोकरी बंडीला तिथं धागाच उरला नव्हता.

"दुखतं का?"

"नाही."

खांद्यावर खूण नव्हती, साधं खरचटलेलंही नव्हतं. दोरेटनं तिथं तळवा ठेवला. हात तसाच ठेवून ती त्यांच्या समोर आली, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"आता कसली भीती नाही, टिलमान. सगळं पार पडलं."

टक, टक. तिनं हात झटकन काढून घेतला, आणि आपल्या तळव्याकडे बघत राहिली.