लाल ठिपक्याचे डॉलर

दूध, ब्रेड. सहा नाणी.

बाहेर मार्चचा बर्फ काळा पडून वितळत होता. त्याच्या बुटांनी मी नुकती पुसलेली फरशी घाण केली, आणि दुकानाच्या काउंटरवर त्याने सहा सोनेरी नाणी मांडली. प्रत्येकावर एक लाल ठिपका.

"जत्रेतली आहेत का?" मी विचारलं.

"सरकारी आहेत. डॉलरच. गल्ल्यात जागा नाही वाटतं?"

नव्हतीच. डॉलर म्हणजे नोट; नाणी क्वचितच कुणी वापरतं, त्यांच्यासाठी कुणाच्याच गल्ल्यात खण नसतो. मी माझ्या पर्समधल्या एकेक डॉलरच्या सहा नोटा आत टाकल्या आणि नाणी एप्रनच्या खिशात. त्याने ते पाहिलं... आणि मग माझ्याकडे, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

दाढीची पाती. खोकल्याचं औषध. पुन्हा खोकल्याचं औषध.

एल्डन त्याचं नाव. गावभर तो तीच नाणी देत हिंडत होता. पेट्रोल पंपावरच्या माणसाने परत केली, म्हणाला, मला फसवू नकोस. न्हाव्याने एक आरशाच्या कडेला लावून ठेवलं. रांगेतल्या एका आजीने आपली नोट देऊन एक मागून घेतलं, नातवाच्या वाढदिवसाला. आमचा मॅनेजर स्टॅनली म्हणाला, उद्या हा बटणं देईल आणि कोरीन तीही घेईल.

"लोकांना वाटतं मी कुणाचं तरी कपाट फोडलंय," एल्डन म्हणाला. "तुला काय वाटतं?"

तुला, म्हणाला. मी औषधाची किंमत दोनदा लावली.

सूप. सरबत. सरबत.

त्याची आई इर्मा. पोलाद कारखान्यासमोर तिचं धुलाईचं दुकान होतं. तिथल्या कपडे धुण्याच्या यंत्रांत डॉलरची नाणी चालत. आपली नाणी ओळखू यावीत म्हणून ती त्यांवर नखांच्या लाल रंगाचा ठिपका द्यायची. कारखाना गेला, मग दुकान गेलं. उरला कॉफीचा एक डबा, नाण्यांनी भरलेला. आता तिची फुफ्फुसंही चालली होती.

हे सगळं त्याने सरबताची बाटली हातात धरून सांगितलं. इर्माने त्याच्याकडून वचन घेतलं होतं: डबा याच गावात रिकामा करायचा, तोवर गाव सोडायचं नाही. नोट लोक खर्च करतात, ती म्हणायची. हे नाणं माणूस घरी नेतो आणि ठेवून देतो. माझ्या मागे घराघरात माझं एकेक राहील.

"आणि डबा संपला की?"

"नॉर्थ डकोटा. तेलविहिरीवर जागा ठेवलीय मित्राने." त्याने बाटली खाली ठेवली. "इथे काय आहे, कोरीन?"

खिडकीतून बंद कारखाना दिसत होता. मी तिकडे बघितलं. दुसरं काय बघणार...

मेणबत्त्या. बारा नाणी.

इर्मा एप्रिलमध्ये गेली. दफनाला नऊ माणसं होती. मी भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन त्यांच्या घरी गेले. डबा सिंकशेजारी होता. एल्डन पाठमोरा ताटल्या विसळत होता, विसळलेल्याच पुन्हा विसळत होता. मी डब्यात डोकावले. तळ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी डॉलरच्या नाण्यांची एक कागदी गुंडाळी मागितली. खिडकीतली बाई म्हणाली, कॅसिनोला निघालीस की काय. घरी स्वयंपाकघरात बसून एकेका नाण्यावर ठिपका दिला. नेलपॉलिश माझंच. दर रविवारी भांडं घेऊन जायचे आणि तो ताटल्या धुवायला वळला की तीन-चार आत सोडायचे... आवाज होऊ नये म्हणून बोटाने घसरवत.

मेलेल्या बाईच्या शब्दाला मी ठिगळ लावत होते. रात्री झोप लागायची नाही. रविवारी तरीही जायचे.

दूध. एक नोट.

मेच्या शेवटी त्याने पहिल्यांदा नोट दिली. दहाची, चुरगळलेली.

"संपली?"

"आईची संपली." त्याने खिशातून एक नाणं काढून काउंटरवर ठेवलं. "हा रंग तिने कधी आणला नसता. नारिंगीकडे झुकणारा. ती म्हणायची, हा नवरा शोधणाऱ्या बायकांचा रंग."

मी बोटं मुठीत घेतली. उशीर झाला होता, नखं त्याने पाहिली होती.

"मी... तुझ्या आईच्या शब्दाशी खेळायला नको होतं."

"हो. नको होतं." त्याचे डोळे लाल होते. "रविवारभर मला राग येत होता. मग डबा ओतून पाहिला. तुझी एकोणीस आहेत."

"मग टाक खर्च करून," मी म्हणाले. "संपव, आणि जा."

त्याने नाणं उचललं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला, आणि शर्टाच्या खिशात परत ठेवलं.

"ही कोण खर्च करतं, कोरीन?"

मागे रांगेत कुणी तरी खाकरलं. दहाच्या नोटेला गल्ल्यात खण असतो, डावीकडून तिसरा. मला तो कितीतरी वेळ सापडेना.