धाकटीसाठी ठेवलेला बोर्ड

जुन्या मदरबोर्डाला नवा प्रोसेसर चालत नाही. खाच जुळावी लागते, पिना जुळाव्या लागतात. जुन्या कुलपाला जुनीच किल्ली. संगणक दुरुस्तीच्या दुकानात नवऱ्याशेजारी बसून माझी हयात गेली, तेव्हा एवढं मला कळतं.

तो गेल्यावर दुकान आवरलं. एक बोर्ड तेवढा ठेवला, त्याच्याच जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला. "हा धाकटीसाठी. तिच्या यंत्राने कधी मान टाकली तर," असं तो म्हणायचा. धाकटी म्हणजे माझी नणंद. गुडघे गेले तशी ती घराबाहेर पडत नाही. परदेशातली लेक संध्याकाळी पडद्यावर दिसते, तेवढ्यासाठी ती दिवस ढकलते.

परवा यंत्राने मान टाकली.

जुन्या मालाच्या दुकानदाराने त्या बोर्डाला बसणारे दोन प्रोसेसर पुढ्यात ठेवले. "काकू, हा घ्या, अगदी थंड चालतो. तो दुसरा स्वस्त आहे, पण तापट. माझ्या सासऱ्यांसारखा."

मी तापटच उचलला.

"काकांनी नसता घेतला हो."

"काका आहेत का आता?" म्हटलं खरं, पण माझाच आवाज मला टोचला. परवडत नव्हतं असंही नाही. धाकटीला काय कळतंय, एवढंच मनात होतं.

दुपारी धाकटीचं यंत्र घरी आणून उघडलं, खिडकीपाशी बोर्ड मांडला, प्रोसेसर बसवला. त्याच्यात आणि वरच्या पंख्यात राखाडी लेप लागतो, उष्णता ओढून घेणारा. मी वाटाण्याएवढा थेंब ठेवून पंखा दाबते. नवरा मात्र लेप अंगठ्याने सारवायचा. "मलम लावताय की काय?" मी चिडवायची. "तापलेल्याला मायेनेच लावावं," तो म्हणायचा. त्याच्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याचा तिरका वण होता. लेपात त्याची रेघ उमटायची.

यंत्र सुरू झालं आणि लगेच तापल्याचा इशारा देऊन बंद पडलं. मी पंखा काढला.

थेंब दाबून पसरला नव्हता. लेप कोपऱ्यांपर्यंत सारवलेला होता. मधोमध अंगठ्याचा ठसा, आणि ठशातून गेलेली तिरकी रेघ.

मी माझी बोटं पाहिली. स्वच्छ होती.

पुसून काढलं. नवा थेंब ठेवला, पंखा दाबला, आणि यंत्र सुरू न करताच उचलला.

तोच ठसा. तीच रेघ.

तेव्हाच उठून दुकानात जाऊन प्रोसेसर बदलून आणायला हवा होता. नाही गेले. पुन्हा पुसलं, पुन्हा थेंब ठेवला, पंखा घट्ट बसवला. या वेळी उघडून पाहिलं नाही. यंत्र चाललं.

संध्याकाळी धाकटीकडे नेऊन जोडलं. लेक पडद्यावर दिसली, हसली. धाकटीने डोळे पुसले.

"दादा मला म्हणायचाच, वहिनी तुझ्या बाबतीत कधी हात आखडता घेणार नाही."

मी पडद्याकडेच बघत राहिले.

तिने यंत्राला हात लावून पटकन मागे घेतला. "केवढं तापलंय गं हे!"

"जुनं आहे. तापायचंच."

"आणि तुझ्या अंगठ्याला काय लागलंय?"

राखाडी लेप. निघताना साबणाने हात धुतले होते. धाकटीने माझा हात मांडीवर घेतला आणि रुमालाने हळूहळू पुसला.

"हे कधी कापलं होतं, वहिनी?"

अंगठ्यावर तिरका वण होता. जुना, केव्हाच भरून आलेला.